मुक्या दगडापर्यंत

पुलावर गाडी थांबली तेव्हा प्रेरणाचा एक हात सत्यमच्या कॉलरवर गेला आणि दुसरा दाराच्या कडीवर.

"याला कठडा नाहीये," ती म्हणाली.

"निजामाच्या वक्ताचा पूल हाय वहिनी," पुढच्या सीटवरून बद्रीनाथ वळून म्हणाला. "किती पूर आले न् गेले. एक दगड हललेला नाय."

"दगड नाही हो हलणार, भाऊजी. पोरगं हलतं."

गोकुळ हसला, पण गाडी बंद करताना चावी जरा जोरातच फिरवली. हर्सूलहून निघाल्यापासून त्यानं हेच ऐकलं होतं. काच वर कर, ट्रकच्या मागं राहू नको, पिशोरच्या बाजारात गाडी हळू घे. रविवार एकच मिळतो. बाकी सहा दिवस चितेगावच्या कंपनीत जातात. तो रविवार आईच्या नवसासाठी गावाकडं घालवायचा, आणि जमलंच तर थोडा आनंदात घालवायचा, एवढीच त्याची मागणी होती.

गाव जोगवाडी. अंजना नदीच्या वळणावर शंभर-दीडशे घरं. गोकुळचा चुलतभाऊ बद्रीनाथ इथंच शेती करायचा. आज तो गावाच्या फाट्यावरच गाडीत बसला होता. गेल्या वर्षापासून त्याच्या डोक्यात पर्यटनानं घर केलं होतं. पुलाच्या तोंडाशी त्यानं बॅनरच लावला होता: 'जोगवाडी दर्शन. पूल, बारव, डोह, लेणी. हुरडा मिळेल.' खाली त्याचा स्वतःचा फोटो, गॉगलसकट.

"अजिंठ्याला जाणाऱ्या लोकाला इकडं वळवायचं," तो सत्यमला सांगत होता. "तू माझं पहिलं गिऱ्हाईक. फुकटचं."

"मला ट्रॅक्टरवर बसवशील?" सत्यमनं विचारलं. चार वर्षांच्या त्या पोराचं तोंड पिशोरपासून बंद झालं नव्हतं. "आणि पुलाखाली कोण राहतं? आणि निजाम कुठं गेला?"

मागच्या सीटच्या कोपऱ्यात चतुराबाई, गोकुळची आई, मांडीवर पिशवी धरून बसल्या होत्या. पिशवीत हिरवं लुगडं, नारळ, ऊद आणि पितळी धुपाटणं. त्या पुलाकडं बघत नव्हत्या आणि सुनेकडंही नाही. श्रावणापासून त्यांचं हे असंच चाललं होतं.

नवस त्यांचाच. सत्यम सातव्या महिन्यात जन्मला. काचेच्या पेटीतल्या त्या मुठीएवढ्या जिवाची छाती हलते की नाही हे बघत प्रेरणानं दवाखान्यात रात्री काढल्या, आणि चतुराबाईंनी बाहेरच्या बाकावर बसून गावच्या मुक्या जोगाईला साकडं घातलं: पोर जगलं तर चौथ्या वर्षी तुझ्या पायावर घालीन, मुक्यानं. जोगाईची रीतच तशी होती. नदीपलीकडं एक शेंदूर फासलेला धोंडा आहे, त्याला मुका दगड म्हणतात. तिथून वर लेण्यापर्यंत आणि परत त्या दगडापर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. वर ऊद जाळायचा, तोही थोडाथोडका नाही. धूर लेण्याच्या कपाळाला, तोंडावरच्या खडकाला, लागला पाहिजे.

गाव हे सगळं श्रावणात करतं. पण या श्रावणात नदीला गुडघ्याच्या वर पाणी होतं, लेण्याकडं जायला पात्रातले दगड ओलांडावे लागतात, आणि प्रेरणा काठावरूनच मागं फिरली होती. "पाणी उतरू द्या, मग येऊ." बाकीच्या बाया पोरं कडेवर घेऊन तिच्या डोळ्यांदेखत पलीकडं गेल्या होत्या. चतुराबाईंनी पूजेची पिशवी तशीच परत आणली होती. आता मार्गशीर्ष लागला होता.

पेटी केव्हाच सुटली होती, पण ती छातीकडं बघण्याची सवय प्रेरणाची सुटली नव्हती. पोर झोपलं की ती अजून त्याच्या नाकाशी बोट धरायची.

बारवेत उतरताना तिनं सत्यमला दोनदा मागं ओढलं. पायऱ्यांवर शेवाळ होतं, तळाशी हिरवं पाणी, आणि बद्रीनाथ मात्र कोनाड्यातल्या मूर्तींवर टॉर्च मारत देवगिरीच्या यादवांपासून सुरू झाला होता. "सांभाळून," ती म्हणाली. मग पुन्हा, "अहो, सांभाळून, तो बघा." मग गोकुळच घसरला, सावरला, आणि वळून तिच्याकडं बघत राहिला.

"प्रेरणा, एक काम कर. इथून पुढं हा शब्द नाही. सांभाळून नाही, बघा नाही, काहीच नाही. आम्ही तिघं आहोत ना त्याच्याबरोबर?"

"पण..."

"शब्द दे मला. आजच्या दिवसापुरता."

तिनं दिला. त्याचा चेहरा थकलेला होता, आणि तिलाही स्वतःचा कंटाळा आलाच होता.

डोहावर बद्रीनाथनं ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब आणून ठेवली होती. लेण्याच्या डोंगराखाली नदी वळते तिथला हा डोह. काळंशार, संथ पाणी. "सत्यम शेठ, चला, बोटिंग!" त्यानं ट्यूब पाण्यात ढकलली. प्रेरणा काही बोलली नाही. नुसती पुढं जाऊन सत्यमचा हात धरून उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून बद्रीनाथनं ट्यूब परत काठाला लावली.

"शब्दानं नाय तर डोळ्यानं," चतुराबाई पहिल्यांदाच बोलल्या. "पोराला काय काचेतच ठेवायचं का आता?"

ते प्रेरणाच्या वर्मी बसलं. तिनं मान वळवून वर बघितलं, आणि तेव्हाच तिला ती दिसली.

लेण्याच्या कपाळाखाली, खडकाच्या पुढं आलेल्या ओठाला, सुपाएवढ्या काळ्या चंद्रकोरी लटकत होत्या. आधी वाटलं डांबराचे डाग आहेत. मग त्यातल्या एकीवरून, वाऱ्यानं ज्वारी हलावी तशी, लाट सरकत गेली.

"भाऊजी, ते काय आहे?"

"आग्यामव्हळ. दरसाल येतंय. पाऊस सरला का येतं, उन्हाळ्यापस्तोर ऱ्हातं. काय नाय करत. आम्ही खाली बकऱ्या चारतो."

"पण आपण ऊद जाळणार आहोत."

"दरसालच जाळतात की."

"श्रावणात जाळतात," प्रेरणा म्हणाली. "श्रावणात ही असतात का?"

बद्रीनाथनं डोकं खाजवलं. "श्रावणात... नाय बा. श्रावणात कशी असतील?"

"अहो," ती गोकुळकडं वळली.

"शब्द," गोकुळ म्हणाला.

बोलता बोलता ते नदीतले दगड ओलांडून पलीकडं पोचले होते आणि चतुराबाई मुक्या दगडाला हळद-कुंकू लावत होत्या. मग त्या उठल्या आणि सुनेकडं बघून म्हणाल्या, "आता इथून पुढं तोंड बंद. जोगाईचं ऱ्हाऊ दे, आमच्या कानालाबी तेवढाच इसावा."

बद्रीनाथ फिसकन हसला. "वहिनीचं काय घेऊन बसली काकू, हे रेडू स्टेशन कसं बंद व्हणार?" त्यानं सत्यमच्या गालाला चिमटा काढला. "लाव पैज. अर्ध्या वाटंतच बोलतंय बघ."

प्रेरणा गुडघ्यावर बसली, सत्यमचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "काही झालं तरी बोलायचं नाही. पडलास तरी नाही, भूक लागली तरी नाही. परत या दगडाशी येईपर्यंत. कळलं?"

सत्यमनं ओठ आत ओढून घेतले आणि मान हलवली.

वाट खडी होती. पाचही जण मुक्यानं चढत होते. ऐकू येत होता तो नुसता श्वास, धुपाटण्याच्या साखळीचा किणकिणाट, आणि वर गेल्यावर आणखी एक आवाज. दूरच्या विजेच्या डीपीचा यावा तसा, एकसुरी. प्रेरणा लेण्याच्या ओसरीत शिरली तेव्हा तो आवाज डोक्यावर होता. समोर खांब, मागं भिक्षूंच्या लहान लहान काळोख्या खोल्या, आणि मधल्या कोनाड्यात शेंदरानं नाक-डोळे बुजलेली जोगाई. मोहोळं ओसरीच्या तोंडावर, बाहेरच्या बाजूला. हात वर केला तर लागणार नाहीत, पण काठी लागेल.

बद्रीनाथनं गोवऱ्यांचे निखारे घरूनच आणले होते. चतुराबाईंनी लुगडं, नारळ जोगाईपुढं मांडलं आणि मूठभर ऊद निखाऱ्यावर टाकला. पांढरा धूर आधी सरळ वर गेला, छताला थडकला, आणि मग वाट मिळेल तसा बाहेरच्या उजेडाकडं सरकू लागला.

प्रेरणानं मोबाइल काढला. 'धूर मोहोळाकडे चाललाय. विझवा.' गोकुळसमोर धरला. त्यानं वाचलं, एकदा वर बघितलं. मोहोळं शांत लटकत होती. त्यानं मोबाइल तिच्या हातातून घेतला, ओठांवर बोट ठेवलं आणि तो स्वतःच्याच खिशात टाकला.

चतुराबाईंनी डोळे मिटून आणखी एक मूठ टाकली.

आता बोलावं का? काही झालंच नाही तर? चार वर्षांचा नवस मोडला, तोही हिच्याच भित्रेपणानं, आणि दुसऱ्यांदा. श्रावणात पाण्याला भ्यायली म्हणून इथं आज यावं लागलं. तिनं पुन्हा वर बघितलं. श्रावणात इथं एक माशी नव्हती. पाणी होतं, तेही गुडघाभर. ज्या बाया गेल्या त्यांची पोरं धडधाकट परत आली. मोहोळाच्या हंगामात तीच पोराला घेऊन आली होती.

धूर कपाळाला लागला.

आवाज बदलला. त्यातला एकसुरीपणा गेला. सगळ्यात मोठ्या कोरीवरून लाट सरकली, मागोमाग दुसरी, मग त्या थांबेचनात. कोरीची खालची कड सुटल्यासारखी झाली आणि निथळू लागली. एक माशी धुराच्या आरपार येऊन सत्यमच्या टोपीवर बसली. सत्यमनं हात उचलला. प्रेरणानं तो हवेतच पकडला.

"मोहोळ उठलं!" ती ओरडली. "बाहेर पळू नका, आत! खोलीत या, आत!"

चतुराबाईंनी डोळे उघडले. त्या नजरेत आधी मधमाश्या नव्हत्याच, फक्त सून होती. मग त्यांच्या कपाळावर पहिला डंख बसला.

बद्रीनाथ तोवर बाहेर पळाला होता. खांद्यावरचं उपरणं गरगरा फिरवत तो उतारावरून खाली सुटला आणि अर्धं मोहोळ त्याच्या मागं गेलं. गोकुळ त्याच्यामागं धावणार तेवढ्यात प्रेरणानं त्याचा शर्ट मागून धरला. "अहो, लुगडं! ते लुगडं उचला आधी!" एका हातात पोर आणि दुसऱ्या हातानं सासूचा दंड. गोठल्यासारख्या उभ्या असलेल्या चतुराबाईंना तिनं खेचत अगदी टोकाच्या खोलीत लोटलं. गोकुळ जोगाईपुढचं लुगडं घेऊन आत आला. खोलीला दार नव्हतंच कधी. लुगड्याची घडी उलगडून दोघांनी ती चौकटीवर ताणली. वरची टोकं त्यानं हात उंच करून खडकाला दाबून धरली, खालची तिनं पायाखाली घेतली.

बाहेर पाऊस पडावा तसा आवाज. हिरव्या कापडावर बारीक बारीक सावल्या आपटत होत्या.

"बद्री..." गोकुळ कुजबुजला. "मी जातो."

"गेलात तर हे कापड सुटेल."

त्यानं दात चावले, पण हात खाली घेतले नाहीत. त्याच्या मनगटावर दोन डंख होते, ते फुगत चालले होते. काळोखात चतुराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा वरचा ओठ सुजून नाकाला लागला होता. बऱ्याच वेळानं त्या ओठातून शब्द आले.

"तू बोललीस."

"हो."

"मोडला."

"आता तुम्हीपण बोललात, आत्याबाई. हलू नका."

तेवढ्यात कापडाच्या कडेनं एक माशी आत आली. काळोखात तिनं दोन फेऱ्या मारल्या आणि ती सत्यमच्या गालावर उतरली. प्रेरणाचा हात आपोआप उचलला गेला, आणि तिथंच थांबला. कॉलेजात शिकलेलं प्राणिशास्त्र सगळं उडून गेलं होतं, एवढंच उरलं होतं: चिरडलेल्या माशीचा वास बाकीच्यांना बोलावतो. माशी गालावरून चालत निघाली. नाकाशी थांबली. ओठावर आली. सत्यमचे डोळे एवढाले झाले होते आणि ते आईच्या डोळ्यांना चिकटले होते. प्रेरणानं त्याची नजर सोडली नाही. मनातल्या मनात ती म्हणत होती, तोंड उघडू नको, राजा, उघडू नको. इतकी वर्षं त्याला जे जे सांगितलं, त्यातलं फक्त एवढं एक त्यानं ऐकावं.

त्याचा ओठ एकदा थरथरला. माशी उडाली की तोंडात गेली, तिला दिसलं नाही. तेवढ्यात गोकुळचा हात सुटून उजेडाचा पट्टा आत आला होता आणि तिचे डोळे दिपले होते. त्यानं कापड परत दाबलं. माशी कुठंच नव्हती.

"डसली का?" प्रेरणानं पोराच्या कानात विचारलं.

सत्यम बोलला नाही. मानही हलवली नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. धुपाटण्यातले निखारे आपोआप विझले. धुराचा वास विरळ झाला, आवाज मागं मागं जात परत त्या दूरच्या डीपीसारखा झाला. गोकुळनं कापडाच्या फटीतून बघितलं. कोरी पुन्हा काळ्या आणि भरीव झाल्या होत्या. चौघांनी लुगडं डोक्यावरून घेतलं आणि भिंतीला घासत, पाय न वाजवता, ते ओसरीतून बाहेर पडले.

उतारावर उजेडात आल्यावर प्रेरणानं सत्यमला खाली उतरवलं. "बाळा, आ कर. दाखव मला."

सत्यमनं ओठ आणखी आत ओढले.

"दुखतंय का? घशात दुखतंय? बोल ना रे."

नुसते डोळे. ते पाण्यानं भरले होते. तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती हलत होती, भरभर. भीतीनं भरभर की श्वास पुरत नाही म्हणून? तोंडात डंख झाला तर जीभ सुजते, घसा बंद होतो, हे तिनं कुठंतरी वाचलेलं. ज्या पोराचं तोंड बंद होत नाही ते पोर बोलत नव्हतं.

"घाबरलंय गं," गोकुळ म्हणाला.

"त्याला बोलता येत नाहीये! अहो, गाडी काढा, पिशोरला दवाखाना आहे."

तिनं त्याला उचललं आणि ती पळत सुटली. उतार, सुटे खडे, बोरीची काटेरी झुडपं, तिनं काहीच बघितलं नाही. मागून गोकुळ आईला धरून येत होता आणि ओरडत होता, "अगं हळू, पडशील, हळू!" डोहाच्या काठाशी ट्यूबखालून एक डोकं वर आलं.

"वहिनी! हाय का सगळे?" बद्रीनाथ गळ्यापर्यंत पाण्यात होता. त्याचा एक डोळा पार मिटला होता आणि कानाची भजी झाली होती. "गेल्या का त्या? मला तर लई येळ बुडवून ठेवलं!"

"बाहेर या, गाडीत बसा," ती न थांबता म्हणाली. "सत्यम बोलत नाहीये."

बद्रीनाथच्या तोंडावरचं हसू गेलं. तो पाणी उडवत बाहेर आला.

पुढं मुका दगड, त्याच्यापुढं नदीचं पात्र, पलीकडं गाडी. प्रेरणा दगडापाशी पोचली तेव्हा सत्यम तिच्या हातात वळवळू लागला. लाथा झाडू लागला. झटका आला की काय म्हणून तिचे हात सैल पडले आणि तो सुळकन खाली उतरला. शेंदराच्या धोंड्याला वळसा घालून पलीकडं गेला, पायाकडं बघून दोन्ही पाय दगडाच्या पुढं आहेत याची खात्री केली, आणि मोठा श्वास घेतला.

"आता बोलू?"

मागून धावत आलेला बद्रीनाथ जागीच थांबला.

"आई, बोलू का? ती माशी माझ्या ओठावर बसली होती. तिच्या पायांनी गुदगुल्या होतात. मी हसलोपण नाही. बद्रीकाका, तू ओरडलास, मी ऐकलं, तू अगं आई गं म्हणालास. तू हरलास. मला ट्रॅक्टरवर बसव. मला शी आली होती तरी मी बोललो नाही."

प्रेरणा तिथंच वाळूत बसली. तिनं त्याला ओढून त्याचं तोंड उघडलं, जीभ बघितली, टाळू बघितली, गालाच्या आत बोट फिरवलं. गुलाबी, ओलं, शाबूत. तो "आआ" करत असतानाही बोलतच होता. मग तिनं त्याला सोडलं आणि पदरात तोंड खुपसलं. गोकुळ तिच्याशेजारी उकिडवा बसला. त्यानं खिशातून तिचा मोबाइल काढून तिच्या मांडीवर ठेवला. पडद्यावर ते वाक्य अजून तसंच होतं.

चतुराबाई मागून पोचल्या. सगळं त्यांनी ऐकलं होतं. दगडाला हात लावून त्या खाली टेकल्या, नातवाकडं बघत राहिल्या.

"एकबी शब्द नाय?" त्यांनी विचारलं. सुजलेल्या ओठातून शब्द कसेबसे बाहेर येत होते.

"एकपण नाही, आजी."

"नवस याच्यासाठी बोलले होते," त्या सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या, पण नजर सुनेवर होती. "त्यानं पाळला. बाकीच्याचं जोगाई बघून घेईल."

"म्हणजे फिटला का, काकू?" बद्रीनाथनं उरलेल्या डोळ्यानं विचारलं.

"तू गप. तुझ्या बॅनरवर मव्हळ लिही आधी."

प्रेरणानं पर्समधून सुजेवरच्या गोळ्या काढल्या, डसलेल्या तिघांना एकेक दिली. ज्या औषधांच्या पिशवीवरून सकाळी गाडीत सगळे हसले होते, तीच पिशवी आता हातोहात फिरत होती. मग तिनं आधार कार्ड घेतलं, सासूपुढं गुडघ्यावर बसली आणि कार्डाच्या कडेनं चेहऱ्यावरच्या नांग्या खरवडायला लागली. कपाळावर एक, भुवईत दोन, आणि ओठावरची ती मोठी.

चतुराबाईंनी डोळे मिटले आणि तिचं मनगट धरलं.

"सांभाळून गं," त्या म्हणाल्या.

गोकुळनं नदीकडं बघितलं. पलीकडं काठावर सत्यम आणि बद्रीनाथ पोचले होते, आणि निजाम कुठं गेला हा प्रश्न पुन्हा निघाला होता.